नुसती दोन बोटं

माझ्या भावाला, हर्षवर्धनला, मलकपेठेतल्या जिममध्ये सगळे ‘कोच साब’ म्हणतात. म्हणू देत बापडे. मी हल्ली त्याच्याशी बोलतच नाही, आणि घरात आईला वाटतं की मीच आखडू झालेय.

कोच साबांचा मंत्र एकच, फेल्युअर. म्हणजे रॉड आपल्या हातून तसूभरही हलेनासा होईपर्यंत थांबायचं नाही. दहा मारायचे ठरवून दहावर थांबणारे लोक म्हणे स्वतःला फसवतात. “तू थांबतेस ना त्रिवेणी, तिथून खरा सेट सुरू होतो,” असं तो मला ऐकवायचा, आणि मी येडी मान डोलवायचे. मी बेंच प्रेस करते. बाकावर उताणं पडायचं, रॉड छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा.

आता फेल होईपर्यंत जायचं तर डोक्याशी कुणीतरी उभं लागतंच, नाहीतर रॉड छातीवर ठाण मांडून बसतो. माझ्या डोक्याशी दादा उभा असायचा. रोजचा शेवटचा सेट सत्तर किलोचा. रॉड अर्ध्यावर अडखळला की त्याची दोन बोटं खालून यायची आणि तो बोंबलायचा, “पूरा तेराच है! मैं कुच नै किया!” रॉड वर जायचा. मी उठून बसले की पोरं टाळ्या पिटायची, “क्या उठाई रे!” मला काय आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू! अभ्यासात मी बेताची, घरात धाकटी, माझं असं काहीच नव्हतं. हे सत्तर किलो तेवढे माझे होते. बाबांचं काचीगुड्याला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथं बाबा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, “या दत्तोबाची पोरगी सत्तर किलो उचलते, बरं का.”

संध्याकाळी दादा घरी येऊन पालथा पडायचा आणि आई त्याच्या खांद्यांना तेल चोळून द्यायची. “बहिणीसाठी किती राबतंय गं पोरगं,” म्हणायची. बेंच मी मारत होते आणि खांदे त्याचे दुखत होते. इतकं ढळढळीत डोळ्यांसमोर होतं, पण घरात एकाच्या तरी डोक्यात येईल तर शपथ!

मग राज्याच्या संघाची निवड आली. माझ्या वजनगटातून दोघी घेणार होते. प्रत्येकीला तीन संधी. पहिलं वजन आपण सांगायचं, आणि एकदा ते सांगितलं की पुढच्या संधीला वाढवता येतं, खाली उतरता येत नाही. म्हणून शहाणी माणसं पहिलं वजन हातचं राखून सांगतात. मी पंचावन्नाने सुरुवात करू म्हणत होते. दादाने कपाळाला हात लावला.

“रोज सत्तर मारतेस आणि पंचावन्न सांगणार? लोक हसतील. माझी काय इज्जत राहील इथे?”

नोंदणीच्या टेबलाशी जाऊन सत्तर त्यानेच सांगितलं.

स्पर्धेत डोक्याशी आयोजकांची माणसं असतात. रॉड अडकला हे पंचांना दिसेपर्यंत ती रॉडला शिवत नाहीत. मी रॉड उचलून घेतला, छातीवर आणला, स्थिर केला. पंचबाई म्हणाल्या, “प्रेस.” मी ढकललं. काही झालं नाही. काहीच म्हणजे काहीच नाही. मी जीव खाऊन ढकलत होते आणि रॉड आपला छातीवर तसाच. लांबून दादा ओरडत होता, “लगा, त्रिवेणी, लगा!” आवाज तोच होता, पण बोटं नव्हती. त्या क्षणी मला सगळं कळलं. इतके महिने न कळलेलं एका दमात कळलं.

वजन कमी करता येत नव्हतं. दुसऱ्यांदाही सत्तर, तिसऱ्यांदाही सत्तर. माझ्या नावासमोर शेवटी नुसती रेघ आली. संतोषनगरची लावण्या पंचावन्न किलो उचलून दुसरी आली आणि संघात गेली.

मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. मग तोंड धुऊन सरावाच्या खोलीत गेले. लावण्या तिथं एकटीच बॅग भरत होती. तिला म्हटलं, जरा माझ्या डोक्याशी उभी राहा, पण हात पाठीमागे ठेव, मी ओरडल्याशिवाय शिवायचं नाही. रॉडवर साडेसत्तावन्न किलो लावले. ते वर गेले. रडतखडत, पण गेले. मान वळवून बघितलं तर लावण्याचे हात पाठीमागेच होते. तिची जागा माझी होती, हे तिलाही दिसत होतं.

बाहेर दादा स्कूटरला टेकून उभा होता. मी सरळ विचारलं, “किती उचलत होतास रे?”

“कोण?”

“तू! माझ्या रॉडला लागून किती उचलत होतास?”

“थोडं. इंटेन्सिटी वाढावी म्हणून. सगळेच धरतात, त्यात काय?”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुझा कॉन्फिडन्स गेला असता,” तो म्हणाला. वर तोंड करून म्हणाला! मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं स्वतः, आणि मी खाली पडले तर म्हणे कॉन्फिडन्स. माझं डोकंच फिरलं. मी तिथून एकटी बसने घरी आले.

मी पोचायच्या आत कोच साबांनी घरी फोन करून ठेवला होता. निवडीत वशिला चालला, म्हणे. पंचांनी मुद्दाम त्रिवेणीला पाडलं. आपली तिथं ओळख नाही ना! बाबा दारातच भेटले, संतापाने लाल झालेले. “मी सोडणार नाही त्यांना. ऑफिसात जाऊन तक्रार करतो.”

“बाबा, कुणी पाडलं नाही मला. सत्तर मला येतच नाही. दादा उचलत होता.”

“त्यानं एवढं केलं तुझ्यासाठी आणि आता त्याच्यावरच ढकलतेस?” बाबांना ते ऐकवेना. “उद्या मी येतो जिममध्ये. माझ्यासमोर उचल. मी व्हिडिओ काढतो आणि त्यांच्या तोंडावर मारतो.”

मी लगेच हो म्हटलं. मला तेच हवं होतं. रॉड अडकलेला बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, म्हणजे तक्रार गेली खड्ड्यात आणि हा तमाशाही संपला. दादाला बजावलं, “हात पाठीमागे. मी हाक मारेपर्यंत पुढे आले तर याद राख.” त्याने मान हलवली.

बाबा माझ्या पायाशी मोबाइल धरून उभे राहिले. मी सत्तरचा रॉड छातीवर आणला आणि ढकलला. अडकला. देवा, किती बरं वाटलं मला! म्हटलं बघा बाबा, नीट बघून घ्या, तुमची मुलगी एवढीच आहे, पण आहे ती खरी आहे. मी हाक मारलीच नाही. आणखी थोडा वेळ त्यांना बघू द्यावं असं मनात होतं. तेवढ्यात रॉड हलका झाला आणि सरसर वर निघाला. दादाची बोटं होती खाली.

“शाब्बास!” बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “हे असं उचलणाऱ्या पोरीला पाडतात!”

“यानं उचललं, बाबा! मी याला शिवू नको म्हटलं होतं!”

“अगं, नुसती दोन बोटं होती. मी बघत होतो ना.”

दादा टॉवेलने मान पुसत दुसरीकडे बघत होता. मला धड फेलसुद्धा होऊ दिलं नाही मेल्याने.

मी हातापाया पडले तरी बाबा ऐकेनात. ते मला घेऊन निवड घेणाऱ्या संघटनेच्या ऑफिसात गेलेच. तिथले म्हातारे साहेब एके काळचे वजन उचलणारे असावेत, अजून मान जाड होती. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि व्हिडिओ बघितला. पुन्हा बघितला. दुसऱ्यांदा बघताना चित्र बोटांनी मोठं केलं, आणि माझ्यावरून सरकवून दादाच्या मनगटांवर नेलं. टरटरून फुगलेल्या त्या शिरा मला टेबलापलीकडूनही दिसल्या.

“अंकल,” साहेब अगदी अदबीने म्हणाले, “ये लडका अच्छा उठाता. इसकू भेजो ना ट्रायल कू.”

शेजारच्या टेबलावरचे दोघे खो खो हसले. बाबांनी मोबाइल खिशात टाकला आणि ते जिना उतरले. मी मागोमाग. बसस्टॉपपर्यंत त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, आता तरी दादाचं नाव काढतील. एक शिवी तरी हासडतील त्याला.

“बाबा,” मी म्हटलं, “साडेसत्तावन्न मी उचललेत. एकटीने. खरंच. संघात गेलेल्या मुलीपेक्षा जास्त आहेत ते. ती लावण्या तिथंच होती, विचारा तिला.”

बाबा येणाऱ्या बसचा नंबर वाचत होते. आमची नव्हती ती.

“तेही कुणीतरी उचललं असेल, बाई,” ते म्हणाले.