बरणीतली चटणी

कसबा बावड्याच्या नव्या कॉलनीत यज्ञेश्वर मास्तरांच्या जिभेचा मोठा दरारा होता. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण शिकवायची खोड काही गेली नव्हती. कुणाकडंही जेवायला बसले की पहिल्या घासालाच सांगायचे, आमटीतली कांदा-लसूण चटणी पाकिटातली की मिरची कुटायच्या डंकावर कुटून आणलेली. त्यात टीव्हीवर ती जाहिरात लागली की झालंच. पिवळ्या साडीतली सून पाकीट फोडते, सासरा डोळे मिटून म्हणतो, 'प्रत्येक घराची आपली चव'. मास्तर असे पेटायचे की बास. सगळ्या गावाच्या गळी एकच चव उतरवतात आणि वर तिला आपली म्हणतात, असं तावातावानं सांगायचे. शेवट ठरलेला, आमच्या हिची चटणी शंभर वाट्यांत ओळखीन.

आणि ही, म्हणजे कालिंदीकाकू, आत ओट्यापाशी देवाचं नाव घेत उभ्या.

कारण गेली दोन वर्षं त्यांच्या चिनीमातीच्या बरणीत पाकिटातलीच चटणी होती की! एका उन्हाळ्यात खांदा धरला. खोबरं-तीळ भाजा, कांदा तळा, मग डबा घेऊन डंकावर नंबर लावून बसा, हे काही जमेना. यंदापुरतं म्हणून त्यांनी गुपचूप पाकीट आणून बरणीत ओतलं. त्या दिवशी आमटी भुरकून मास्तर म्हणाले, यंदा चटणी फर्मास उतरली. आता काय बोलणार, कपाळ? पुढं खांदा बरा झाला, पण सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

अशात शेजारच्या धोंडुबाईंनी कॉलनीच्या वाढदिवसाला खूळ काढलं. पाच बायकांनी मिसळीचा कट करून आणायचा आणि त्यांच्या नवऱ्यांनी डोळे बांधून आपल्या घरचा ओळखायचा. मास्तरांनी पहिलं नाव दिलं, तेही काकूंना न विचारता.

बाकीच्या चौघी काय वापरतात हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. दुकानातून सगळ्याजणी मेथीच्या जुडीखाली तेच पाकीट लपवून नेत. पाची वाट्यांना एकच चव असली तर हा माणूस ओळखणार कशी? चारचौघांत नाचक्की व्हायची. मग काकूंनी पदर खोचला. मास्तर बाहेर गेल्यावर सगळं भाजलं, तळलं, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेतली आणि देवळात जाते अशी थाप मारून डंक गाठला. शिंकत, डोळे पुसत अस्सल चटणी कुटून आणली. तीस वर्षं खाल्लेली चव आता कशी चुकतो बघू, असं त्या मनात म्हणाल्या.

रविवारी सकाळी हॉल भरला. पहिले चारही नवरे चुकले, हसले आणि जागेवर जाऊन बसले. त्यांनी कधी बढाई मारलीच नव्हती, त्यांचं काय जातंय? शेवटी मास्तर आले. डोळ्यांवर उपरणं बांधलं. पुढ्यात पहिलीच वाटी आली ती काकूंची.

मास्तरांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"ही आमच्या घरची न्हाय," त्यांनी वाटी बाजूला सारली. "छातीवर हात ठेवून सांगतो."

दुसऱ्या वाटीचा एकच घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. हीच, असं म्हणून पुढच्या वाट्यांना हातही न लावता त्यांनी उपरणं सोडलं. वाटीखालच्या चिठ्ठीवर धोंडुबाईंचं नाव होतं.

"मास्तर," धोंडुबाईंचे यजमान पिराजीराव मागनं म्हणाले, "आमच्या घरी कधीपासनं जेवायला येताय?"

हॉल हसून हसून लोळायला लागला. मास्तर मात्र चिठ्ठी हातात धरून काकूंकडं बघत राहिले, काहीतरी मोठा गुन्हा केल्यासारखे. काकूंना फार वाईट वाटलं. गप्प बसल्या असत्या तर गुपित सुखरूप होतं. पण नवऱ्याचं ते तोंड बघवेना. त्या उठल्या.

"ह्यांची जीभ बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी ह्यांना पाकिटातलीच चटणी खायला घालतीया. धोंडुबाई वापरतात तीच."

हशा थांबला. धोंडुबाई वर पंख्याकडं बघू लागल्या, आणि आणखी तिघी चपला शोधायला लागल्या.

आता हा माणूस काय बोलतो म्हणून काकू धसकून उभ्या होत्या. मास्तरांनी पहिली वाटी पुढं ओढली आणि विचारलं, मग ही कुणाची? परवा कुटली, तुमच्यासाठी, असं काकूंनी सांगितलं. त्यांनी पुन्हा एक चमचा घेतला, मग आणखी एक. नाकातोंडातनं पाणी वाहू लागलं तरी वाटी सोडली नाही. तळ दिसला तेव्हा उपरण्यानं तोंड पुसलं आणि काकूंच्या कानाशी लागून हळूच म्हणाले,

"सवय मोडलीया गं. आठवडाभर दोन्ही निम्मी निम्मी घाल."