नवव्या महिन्याच्या मापाचा झगा

बसस्थानकावर तिला सगळे माइकताई म्हणत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते दिवसभर माइकवरून सांगायचं, हे तिचं काम. आवाज असा खणखणीत, की बाकावर पेंगणारा माणूसही पिशवी उचलून पळत सुटे. त्या दिवशी मात्र "फलाट क्रमांक" एवढंच बोलून आवाज थांबला. मागोमाग खुर्ची आपटल्याचा आवाज सगळ्या स्थानकाने ऐकला.

स्थानकाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा सदरा वर केला आणि त्या बघतच राहिल्या. गणवेशाच्या पँटचं बटण लागत नव्हतं, म्हणून काजातून नाडी ओवून करकचून आवळलेली. तिच्या खाली पोटाला कापडाचे वेढे.

"पाचवा महिना ना तुमचा? श्वास कुठून घेणार होतात?" त्यांनी नाडी, वेढे, पँटची कंबर, सगळं कात्रीने कापून काढलं. "बाळाचे ठोके चांगले आहेत, नशीब समजा. पुन्हा असं बांधायचं नाही."

नवरा लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर, तो संध्याकाळी परतणार होता. म्हणून थोरल्या जाऊबाईंना फोन गेला. त्या चादर घेऊन धावत आल्या, तिला गुंडाळून टॅक्सीत बसवलं आणि मग तोंड सोडलं.

"पोट म्हणजे काय चोरीचा माल आहे? कुणापासून लपवतेस गं?"

कुणापासून ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण बोललं तर त्याला ऐकू जाईल असं वाटे. पहिल्या खेपेला तिने हौसेने फुलाफुलांचा झगा घेतला होता. तो अंगाला लागतो न लागतो तोच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला नुसती इलास्टिकची पँट घेतली, तरी तेच. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. हिने ताकाकडे बघणंच सोडलं. या खेपेला नवी चिंधीसुद्धा घ्यायची नाही, पोट दिसू द्यायचं नाही, म्हणजे दैवाला पत्ताच लागणार नाही.

टॅक्सी गरोदर बायकांच्या कपड्यांच्या दुकानापुढे थांबली. तिने दाराची कडी घट्ट धरली.

"जाऊबाई, पाया पडते. इथे नको. मी ह्यांचे शर्ट घालीन."

"त्याचे शर्ट तुझ्या पोटावर पुरायचे नाहीत आता. उतर."

"दोनदा घेतले, दोनदा गेलं. तुम्हीच होतात ना माझ्यापाशी?"

"होते. म्हणूनच सांगते, कपड्यांनी नाही गेलं ते."

"मग कशाने गेलं?"

जाऊबाईंनी तिची बोटं एकेक करून कडीवरून सोडवली.

दुकानवालीने उत्साहाने पोपटी, गुलाबी, आकाशी झगे पसरले.

"काळा आहे?"

"काळा कशाला? हा पोपटी बघा कसा खुलेल तुम्हाला."

"डाग दिसणार नाही असा द्या."

दुकानवालीचं हसू चेहऱ्यावर अर्धवटच राहिलं. तिने मुकाट्याने काळा झगा काढला, आणि सवयीने सोबत बंद लावलेली एक गोल उशी दिली. "ही पोटावर बांधून बघा. नवव्या महिन्यात कसा बसेल ते कळतं."

कपडे बदलायच्या खोलीत तिने आधी आतले कपडे तपासले. सकाळपासून कितव्यांदा, कोण जाणे. मग झगा घातला. उशी बांधायची नाही असं तिने ठरवलं होतं, तरी ती कधी बांधली तिचं तिलाच समजलं नाही. आरशात नवव्या महिन्यातली एक बाई उभी होती. अशा बायका फलाटावर दिसल्या की ती तोंड फिरवायची. तिचा हात आपसूक कमरेवर गेला. मग ती तिथेच खाली बसली.

"झालं का गं?" पडद्याबाहेरून जाऊबाई.

"मला हे सोडवत नाही."

"गाठ बसलीय का?"

"नाही. सोडवत नाही."

जाऊबाई आत आल्या. गुडघे धरत तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"हेही गेलं तर?" तिने विचारलं.

"तर मी येईनच. आणखी काय करणार? आज फोन वाजला तेव्हा माझं काय झालं, ते मला विचार."

बाहेरून कुणीतरी घाई केली. "दुसरीकडे जा बाई," जाऊबाई आतूनच ओरडल्या, "इथे वेळ लागेल."

शेवटी गाठ त्यांनीच सोडली. मूठभर कापसाची उशी ती. पण ती बाजूला झाली तेव्हा धाकटीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो जाऊबाईंनी याआधी दोनदा ऐकला होता.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं. काळ्या झग्यात, पोट न लपवता उभी असलेली बायको पाहून तो चपला काढायचंच विसरला.

"घेतलास?"

"घ्यावा लागला. श्वास येतोय आता. बाकी काही विचारू नका."

विचारायची त्याची छाती नव्हतीच.

दोन दिवसांनी ती कामावर गेली. गणवेशावरून साहेब कुरकुरले, आणि तिकीटखिडकीतल्या बाईने डोळे वटारल्यावर गप्प झाले. झगा हळूहळू भरत गेला. रोज सकाळी तो अंगात घालण्याआधी ती आतले कपडे तपासायची, ते मात्र काही थांबलं नाही.