मोजणीच्या दिवशी सासूबाई

“रवा भाजू नको म्हणतायत नगराध्यक्ष,” फोन खाली ठेवत हे म्हणाले.

कढई चुलीवर होती, लोणी वितळलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की रव्याचा हलवा भाजतात. वास गल्लीत गेला की कुणी काही विचारत नाही, समजतं. माझ्या सासूबाई, झेलिहा, पहाटेच गेल्या होत्या. आतल्या खोलीत रजईखाली होत्या.

तो रविवार शिरगणतीचा होता. सगळ्या तुर्कस्तानात बाहेर पडायला बंदी. मोजणारे घरोघर येणार, दिसेल ते माणूस लिहिणार आणि संध्याकाळी भोंगा झाला की दारं उघडणार. आमच्या सारीगेचितची माणसं दोन हजारांच्या खाली गेली तर नगरपालिका जाणार आणि आम्ही खेडं होणार. म्हणून नगराध्यक्षांनी अंकारा, इस्तंबूलला बस पाठवून आमचीच पोरंबाळं मोजायला आणली होती. माझा इद्रिस बायकोमुलांसकट आला होता. तीन ईद आई आठवली नव्हती, फुकट बस आली तेव्हा आठवली.

खेडं होणं मला मान्य नव्हतं. माझ्या बापानं मला इथे दिली ती गावाला नगरपालिका आहे म्हणून. माहेरच्या बायकांसमोर मी मान वर करून बसत आले ती त्याच जोरावर. शिवाय यांची नोकरी. नगरपालिकेच्या कर्ण्यावरून बोलायचं, हे यांचं, बेकिरचं, काम. पाणी कधी येणार, कुणाची गाय हरवली, कोण वारलं, सारं गाव यांच्या तोंडून ऐकायचं. घरात मीठ मागायला तोंड उघडत नसत, पण कर्ण्यावर मेलेल्याचं नाव असं घ्यायचे की ज्याचं भांडण होतं तोही खांदा द्यायला यायचा.

मी कढई उतरवली. नगराध्यक्षांचा निरोप साधा होता. दुपारपर्यंत म्हातारी झोपली आहे असं म्हणा, एक डोकं वाढेल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासूबाईंनाही वाटलं नसतं. खेड्यातली बाई दारात आली तर ती चहा कसा धरते हे त्या बघत बसायच्या.

हे मात्र आईच्या उशाशी बसून राहिले.

मोजणारी आली ती तालुक्याची शाळामास्तरीण, कोवळी पोर. चहा दिला. तिनं मला लिहिलं, यांना लिहिलं, इद्रिसला, सुनेला, नातवंडांना लिहिलं. मग उघड्या दारातून तिला रजई दिसली.

“आजी झोपल्यात का?”

“हो,” मी म्हणाले. “रात्रभर खोकत होत्या.”

“झोपली नाही, बाई,” हे म्हणाले. “पहाटे गेली. तिला नका लिहू.”

इद्रिस उखडला. “रात्रभर बसमध्ये पाय आखडून आलो आम्ही, एकेक डोकं वाढावं म्हणून. आणि बाबा, तुम्ही घरातलंच कमी करताय?”

“आमच्या यांना मेलेलं माणूस लपवताच येत नाही,” मी म्हणाले. “उभ्या जन्मात शिकलेलं काम तेवढं एकच.”

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. “माझ्या आईचं मरण मीच चोरून ठेवू का गं?”

त्या पोरीनं पेनाला टोपण लावलं आणि तळवे उघडून दुआ म्हटली. मी उठले, कढई पुन्हा चुलीवर ठेवली.

संध्याकाळी भोंगा झाला तशी माणसं बसकडे धावली. चौकात इंजिनं सुरू झाली. तेवढ्यात कर्णा खरखरला आणि यांचा आवाज आला. सारीगेचितची झेलिहा, बेकिरची आई, आज पहाटे वारली. उद्या सकाळी दफन. पायरीवर पाय ठेवलेली माणसं थांबली, तळवे वर झाले, मग चढली. इद्रिस तेवढा मागे राहिला.

त्या वेळी आकडा दोन हजारांच्या वर राहिला. सासूबाईंवाचून काही अडलं नाही. पण पुढे सरकारनं मोजायची रीतच बदलली. ज्याच्या राहत्या घराची नोंद जिथे, तो तिथला. शहरात गेलेल्यांच्या दारावरचं कुलूप मोजायची सोय त्यात नव्हती. आम्ही खेडं झालो. वेशीवरची पाटी गेली, खांबावरचा कर्णा उतरवला, आमचे हे घरी बसले. पाणी आलं की सवयीनं मलाच सांगायचे, “पाणी आलंय.” मला दिसतंय, मी म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. मी रवा भाजला, पण वास पोचावा इतकी माणसं गल्लीत उरली नव्हती. मग ओढणी घेतली आणि घरोघर निघाले. दार वाजवायचं, सांगायचं: सारीगेचितचा बेकिर, झेलिहाचा मुलगा, आज सकाळी वारला. जिथे माणूस होतं तिथे माणसाला सांगितलं. पुढची सगळी घरं कुलपांची.

तीही वाजवली. प्रत्येक दाराशी थांबून नाव घेतलं, ते घ्यायचे तसं, सावकाश.