काजळच्या डाव्या पायाचा नाल

मित्रांनो, मी एक जुना नाल आहे आणि माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका, माझा कुणावरच नव्हता. तुम्ही माझी कहाणी शेवटपर्यंत ऐकणार की अर्ध्यावर उठून जाणार, अशी शंका मला आत्ताही येते आहे. तरी सांगतो. या संशयी स्वभावापायी मी एका भल्या माणसाविषयी वाईट चिंतलं आणि ते बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

चोंढीच्या नाक्याजवळ सदा नालबंदाची पत्र्याची शेड आहे. हल्ली पुष्कळ जण बाजारातून तयार नाल आणतात, पण सदा अजून स्वतः भट्टी पेटवतो. त्याने लोखंडाची एक पट्टी लाल होईपर्यंत तापवली, ऐरणीवर ठेवून वाकवली, तिला सहा भोकं पाडली आणि माझा जन्म झाला. मग मला चिमट्यात धरून डोळ्यांसमोर फिरवत तो म्हणाला, "झकास जमलाय." इतका वेळ बदडून काढलं आणि वर कौतुक! या माणसाच्या मनात नक्की काय आहे, असं मला तेव्हाच वाटलं.

किहीमच्या रामचंद्र म्हात्रेची काजळ नावाची घोडी होती. काळीभोर, उंच, आणि लाडाने थोडी बिघडलेली. तिच्या पुढच्या डाव्या पायाला सदाने मला ठोकलं. घाबरू नका, तिला दुखलं नाही. खूर म्हणजे तुमच्या नखासारखाच, बाहेरच्या कडेला त्याला संवेदना नसते. सहा खिळे खुराच्या कडेतून वर काढायचे, त्यांची टोकं मुरडायची आणि कानस फिरवून सारखी करायची, एवढंच ते काम. पण ते नीट करणारा हात आमच्या भागात सदाचाच.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. शनिवार-रविवार आला की काजळ घोडागाडी ओढत समुद्रकाठच्या पुळणीवरून धावायची. पर्यटकांची मुलं टाळ्या पिटायची. "काय चाल आहे!" असं कुणी म्हटलं की रामचंद्रची छाती फुगायची आणि खरं सांगायचं तर माझीही. मात्र माझं तोंड कायम वाळूत. पाय उचलला की क्षणभर आभाळ दिसायचं, पुन्हा वाळू. मागे काय चाललंय ते मला कधीच दिसलं नाही.

दिवाळीच्या सुटीत एका दुपारी मला मागून जोराचा हिसका बसला, खिळे कुरकुरले आणि मी पायातून निघालो. रामचंद्रने मला शोधून काढलं आणि सदाला फोन केला. सदा आपल्या मोटरसायकलवरून आला, मला पुन्हा बसवलं आणि काजळचा मागचा पाय मांडीवर घेऊन म्हणाला, "रामा, ह्ये खूर बघ किती वाढलेत. चारी पाय एकदम तासूया."

"मागचं पाय कोन बघतंय रे? पुढच्या खेपेला करू. गिऱ्हाईक थांबलंय."

मला वाटलं, हा सदा उगाच काम वाढवतोय. तुम्हीही तेच म्हटलं असतं.

बारा दिवसांनी मी पुन्हा पडलो, पुन्हा बसवला गेलो. आता माझी झोप उडाली. कोण करतंय हे? मी एकेका खिळ्यावर पाळत ठेवली. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा संशय घेतला, ओल्या वाळूचा घेतला, काजळ माशा हाकलायला पाय आपटते तर तिचाही घेतला. पण फिरून फिरून मन एकाच नावावर यायचं. खिळे ठोकतो कोण? सदा.

रामचंद्रच्या डोक्यातही तेच शिजत होतं आणि त्याला कारण होतं. आमच्याकडे लोक मानतात की काळ्या घोड्याचा नाल दारावर ठोकला की शनीची पीडा घरात शिरत नाही. मात्र तो नाल पायातून आपणहून पडलेला पाहिजे. दुकानातून आणलेला किंवा मुद्दाम उपटलेला चालत नाही. म्हणून काजळच्या पडलेल्या नालाला फार मागणी. आणि पुळणीच्या रस्त्यावर लिंबू-मिरची, बिब्बे आणि असले नाल विकायला कोण बसायचं? भागुबाई, म्हणजे सदाची थोरली बहीण.

तिसऱ्यांदा मी पडलो तो भरतीच्या कडेला. रामचंद्र तसाच गाडी हाकत पुढे गेला. भागुबाईने मला उचललं, पदराने पुसलं, फडक्यात बांधलं आणि टोपलीखाली सरकवलं. मी मनात म्हटलं, सापडली! विकायचे नाल वर टांगलेले आणि मला मात्र लपवून ठेवतेय.

तासाभराने रामचंद्र शोधत आला आणि त्याला ते फडकं दिसलं.

"भागुबाय, ह्यो कुठून आला?"

"तुझाच हाय तो. तुला द्यायला ठेवलाय. मगाशी हाका मारल्या, तू थांबलास न्हाय."

"द्यायचा तर लपवलास कशाला?"

"गिऱ्हाइकानं उचलू नये म्हनून बांधला रं."

रामचंद्रने ऐकून घेतलं नाही. सुरूच्या झाडाखाली चार गाडीवाले चहा पीत होते, त्यांच्यासमोर त्याने मला उंच धरलं. "भाऊ खिळे ढिले ठोकतो, बहीण नाल विकते! माझ्या घोडीच्या जिवावर धंदा चाललाय दोघांचा!"

सदा शेजारच्याच घोड्याचा खूर तासत होता. तो उठला. "रामा, तुझ्या बापाच्या घोड्यांपासनं नाल मीच ठोकतोय," एवढंच तो म्हणाला. मग त्याने हातोडी, कानस, सुरी एकेक करून पिशवीत भरली आणि निघून गेला. मला वाटलं, चोर गप्प बसला. आठवड्याभरात किहीमच्या एकाही गाडीवाल्याने सदाला बोलावलं नाही. त्याच्या भट्टीतून धूर निघेनासा झाला, असं लोक तबेल्यात येऊन सांगत. मीही तबेल्यातच होतो. रामचंद्रने मला पुरावा म्हणून खुंटीला टांगलं होतं.

मग रामचंद्रने बाजारातून मोठा नाल आणला. मोठा म्हणजे मजबूत, असा त्याचा हिशेब. तो टाचेच्या मागे चांगला बोटभर बाहेर येत होता. त्याने स्वतःच आठ खिळे मारले, कसून. "आता काढून दाखवा," म्हणाला.

चौथ्या दिवशी काजळ लंगडत परत आली. नाल गेला होता आणि आठही खिळे पक्के असल्यामुळे जाताना खुराचा एक तुकडा घेऊन गेला होता. टाचेवर जखम होती, तिच्यावर वाळू चिकटली होती. ती पाय टेकवायची, दचकायची आणि पुन्हा उचलायची. मी खुंटीवरून बघत होतो. सदा तर पंधरा दिवसांत घोडीजवळ फिरकलासुद्धा नव्हता. मग कोण? त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्याच संशयाचा संशय आला.

रामचंद्रची मुलगी प्राप्ती अलिबागला कॉलेजात शिकते. मी पायात असताना गाडीची जाहिरात करायला तिने काजळचा धावतानाचा व्हिडिओ काढला होता, स्लो मोशनमध्ये. जखम पाहून तिला तो आठवला. तिने फोन बापासमोर धरला, नेमका माझ्या खुंटीखाली.

"पप्पा, नीट बघा. पुढचा पाय वाळूत रुतलाय, उचलायला उशीर होतोय. आणि आता हा मागचा पाय बघा."

मी पहिल्यांदाच मागचं पाहिलं. वाढून लांब झालेला मागचा खूर पुढे आला आणि नालाच्या मागच्या टोकावर बरोबर पडला. पुढचा पाय उचलू पाहतोय आणि मागचा दाबून धरतोय. घोडी स्वतःच स्वतःचा नाल उपटत होती.

"यात सदाकाकांनी काय केलंय?" प्राप्तीने विचारलं.

रामचंद्रने मला खुंटीवरून काढलं. माझ्या मागच्या टोकावर एक खोल ठेचल्याची खूण होती. ती मी सदाच्या हातोडीची समजत होतो. रामचंद्रचं बोट तिच्यावरून दोन-तीनदा फिरलं.

"मी जाऊन त्याची माफी मागतो," तो म्हणाला.

"घरी जाऊन नको. जिथे बोललात तिथे मागा."

दुसऱ्या दिवशी सुरूच्या झाडाखाली तेच चार गाडीवाले होते. रामचंद्रने त्यांना व्हिडिओ दाखवला, माझ्या टोकावरची खूण दाखवली आणि म्हणाला, "चुकी माझी हाय. सदाची न्हाय, भागुबायची न्हाय." भागुबाई लिंबं ओवत होती. तिने वर पाहिलं नाही. "माझं सोड," ती म्हणाली, "त्याला जाऊन सांग. जेवत न्हाय धड."

रामचंद्र चोंढीला जाऊन तेच सांगून आला, तेव्हा सदा तबेल्यात आला. काजळच्या पायाशी बसला, जखम धुतली आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायला सांगितलं. मग मागचे दोन्ही खूर तासून आखूड केले. पुढच्या पायाला महिनाभर नाल नाही, असं बजावलं. मग तो एकेक गोष्ट सांगत गेला आणि रामचंद्र मान हलवत राहिला. खूर सतत वाढतो, म्हणून पाच आठवड्यांनी चारही पाय तासायचे, नाल घट्ट दिसला तरीही. नाल खुराच्या मापाचा हवा, मागे लोंबणारा नको. पुळणीवरून आलं की गोड्या पाण्याने पाय धुवायचे, पुसायचे आणि कोरड्या जागी बांधायचं. रोज सकाळी पाय उचलून खिळ्याचं टोक वर आलंय का ते चाचपायचं. आणि धावताना पुढच्या टाचेभोवती रबराची झालर बांधायची, म्हणजे मागचा खूर घसरून बाजूला पडतो. मित्रांनो, हे सगळं सांगायला तो माणूस कधीपासून तयार होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मी तर त्याच्या हातचा असून त्याच्यावर उलटलो होतो.

प्राप्ती चहा घेऊन आली. "चहा नको," सदा तिला म्हणाला, "पोरी, तुझ्यावर राग न्हाय. घोडीचा पाय हाय म्हनून आलो."

मी परत काजळच्या पायाला लागलो नाही. टोक ठेचलेला नाल पुन्हा ठोकत नाहीत. काजळ आता छान धावते. भागुबाईने नाल विकणं सोडलं, आता नुसती लिंबं आणि मिरच्या विकते. दर पाच आठवड्यांनी सदा येतो, चारही पाय करतो, अलीकडे चहाही घेतो.

पण एक नवीन सवय त्याला लागली आहे. खिळा ठोकण्याआधी तो हातावर घेतो, रामचंद्रसमोर धरतो आणि थांबतो.

"राहू दे ना, सदा," रामचंद्र दर वेळी म्हणतो.

"न्हाय. बघून घे," सदा म्हणतो आणि रामचंद्र बघेपर्यंत हातोडी उचलत नाही. प्रत्येक पायाला सहा खिळे, चार पाय. चोविसाच्या चोवीस वेळा.