वेशीवरची म्हातारी

काळ हा अखंड प्रवाह आहे, असं थोरांनी म्हटलं आहे. सोनपेठच्या कौसल्याबाईंचा काळ मात्र शाळेची घंटा झाली की तुटायचा. एखादं प्राचीन राज्य अर्ध्या वाक्यावर सोडून त्या वर्गाकडे निघायच्या. बोटांवर खडूची पांढरी पूड आणि तीतून गेलेली शाईची निळी रेघ, जणू पौषाच्या धुक्यातून वाहणारी गोदावरी. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "सर, हात धुवायचे राह्यले."

त्यांच्या दोन कादंबऱ्या तोवर छापून आल्या होत्या. दोन्ही गोदाकाठच्या एका कल्पित राज्याच्या, मध्ये तीनशे वर्षांचं अंतर. घराणी बदलत, राजधानी उठून जाई. पण वेशीवर दिवा घेऊन उभी असलेली म्हातारी वेसकरीण तीच. तिला मरण नव्हतं. तिने 'ये' म्हटल्याखेरीज कुठल्याही राजाला गावात पाऊल टाकता येत नसे. हत्ती ताटकळत, भाट घसा बसेपर्यंत बिरुदं गात, आणि म्हातारी शांतपणे वात सारखी करत राही. समीक्षकांनी तिला 'कालतत्त्वाचं प्रतीक' ठरवलं. प्रतीकाला जात नसते. सगळ्यांचीच सोय झाली.

तिसऱ्या कादंबरीत म्हातारीने आपलं घर सांगितलं. महारवाड्यातलं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा धुमसत होता, ते दिवस. हस्तलिखित वाचून प्रकाशक एसटीने थेट बाईंच्या घरी आले. सहशिक्षक आणि पहिला वाचक म्हणून मीही बसलो होतो.

"वातावरण बघायलात ना, बाई? तिला राजघराण्यातली हरवलेली लेक करा. वाचकाला बरं वाटंल."

बाई हसल्या. वैशाखात तापलेला पत्रा चमकावा तसं ते हसू. देखणं, पण हात लावायची सोय नाही.

"दोन राजघराणी बुडवली, साहेब, तुमचा वाचक रडला न्हाई. म्हातारीचं घर कळलं, अन् लगेच दुखायलंय?"

"मग पुस्तक निघायचं नाही."

"नका काढू. तिचं घर हाय तिथंच ऱ्हाईल. चहा घ्या, गार व्हायलाय."

ती कादंबरी बाईंनी स्वतःच मेणकागदाच्या स्टेन्सिलवर लिहून सायक्लोस्टाइल करून काढली. हातोहाती ती गंगाखेड, पेडगावपर्यंत गेली.

बाई आता नाहीत. माणूस गेलं की त्याची अक्षरंही हळूहळू फिकट होत जातात, असं स्मरणलेखांत लिहायची पद्धत आहे. माझ्या प्रतीची शेवटची पानं पहिल्या दिवसापासूनच पुसट आहेत. स्टेन्सिल फाटलं होतं.