समुद्राला पाथ नसते

बोंडाची चौथी फाक उघडलीच नव्हती. तीन फाकांतला कापूस वाऱ्यावर लोंबत होता आणि ही चौथी तशीच, काळपट, ओठ आवळून बसलेली. कडूबानं नख घालून ती उकलली — आत पिवळी पडलेली, चिकट कवडी निघाली — आणि टरफलाचं टोक बोटात शिरून टचकन रक्त आलं. आलं तर आलं. मुंबईच्या कचेरीत बसून बसून मऊ पडलेल्या कातडीला हेच पाहिजे होतं, असं त्याला वाटलं; आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण असल्या वाटण्यात एक नाटक असतं, आणि आज चिंतामण येणार म्हणून सकाळपासून तो स्वतःपुढेच हे नाटक करत होता… शेतकऱ्याचा लेक, मातीतला माणूस, वगैरे. मातीतला माणूस सकाळपासून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून होता आणि बायका वेचत होत्या.

चिंतामण सहीसाठी येत होता. खामगावहून निघणारी सर्व्हिस मोटार दुपारी अमडापूरला थांबते, तिच्यातून उतरेल, धोतराचा सोगा झटकेल, येईल आणि हसून म्हणेल, काय बे कडूबा. बुलढाण्याच्या शाळेत दोघं एका बाकावर होते. चिंतामण वकिलाच्या कारकुनाचा मुलगा, गणितात कच्चा पण माणसांत पक्का. नागपूरची बी.एस्सी. दोघांनी बरोबरच केली. दुसरी मोठी लढाई संपल्यावर खोल समुद्रातल्या मासेमारीची पाहणी करणारी एक नवी कचेरी मुंबईत निघाली, तिथं चिंतामण आधी चिकटला आणि मग त्यानं साहेबांच्या कानावर कडूबाचं नाव घातलं. आणि जन्मात ज्यानं पैनगंगेपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तो अमडापूरचा गडी कुपा माशाची मोजदाद करायला बसला. कुपा, म्हणजे साहेबांच्या तोंडी ट्यूना. गावात हे सांगायची सोय नव्हती. त्याची आई वच्छलाबाई शेजारणींना सांगायची, पोरगा सरकारात हिशेब पाहतो. आणि कशाचा हिशेब असं कुणी विचारलंच, तर पदर सावरून पाण्यापावसाचं बोलायला लागायची.

तशी ती चुकत नव्हती. समुद्रातला मासा कुणी मोजत नाही, मोजतात तो बंदरावर उतरलेला, मेलेला. आणि मेल्यांवरून जित्यांचा अंदाज बांधायचा. एका कंपनीच्या मोटरबोटी किनाऱ्यापासून दूर जाऊन कुपा धरत. किती बोटी गेल्या, किती दिवस राहिल्या, किती मासा आणला, एवढं कंपनी कळवायची. एकूण मासा किती आला याला अर्थ नसतो. एका बोटीला एका दिवसात किती लागला ते पाहायचं. हा आकडा घसरू लागला की समजायचं, समुद्र रिता होतोय. टिकला तर भरलेला आहे. साहेबांनी ही रीत मोठ्या गंभीरपणे समजावली तेव्हा कडूबाला हसू फुटलं होतं. हे तर आमच्या घरी माझी आई करते, तो म्हणाला होता. बाया दुप्पट लावल्या तर कापूस दुप्पट निघणारच; पण एका बाईची कमरेला बांधलेली ओटी दिवसाकाठी किती भरते त्यावरून वावरात काय उरलंय ते कळतं. साहेब खूष झाले. चार लोकांत त्यांनी ते बोलून दाखवलं — आमचा हा वऱ्हाडचा माणूस — आणि कडूबाची छाती फुगली. का फुगू नये? तिथं सगळे त्याच्या नावाला हसत. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं दृष्ट लागू नये असं कडू नाव ठेवलं, हे त्यांना समजावून सांगायचं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

आणि आकडा घसरला नव्हता. दोन हंगाम झाले, बोटीमागचा मासा होता तिथंच. तेव्हा साहेबांचा अहवाल तयार: समुद्र भरलेला आहे, आहेत त्याच्या कितीतरी पट बोटी लावल्या तरी धोका नाही. या एका वाक्यावर कंपनीच्या नव्या मोठ्या बोटींना परवानगी मिळणार होती. खाली साहेबांची सही झाली होती, आकडा ज्यानं काढला त्याची, कडूबाची, राहिली होती. आणि तो, का कुणास ठाऊक, रजेवरून आल्यावर करतो म्हणाला आणि गाडीत बसून गावी आला. कुठंतरी काही सलत होतं. काय ते सांगता येत नव्हतं. सही केली की नोकरी कायम, कायम झालं की राहायला क्वार्टर, आणि क्वार्टर मिळालं की कोकिळा… तिच्याशी लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यातली जवळजवळ सगळी तिनं सासूच्या हाताखाली, इथं, या कपाशीच्या पऱ्हाटीत काढली होती. मुंबईत गेल्यावर खिडकी कोणत्या बाजूला असेल, असं तिनं काल विचारलं होतं. त्यानं सांगितलं, पश्चिमेला. कशाच्या आधारावर सांगितलं?

वेचणी शेवटची होती. वरून पाहिलं तर वावर अजून पांढरं दिसे, पण जवळ जावं तो झाडावर दोन-चार बोंडं. वच्छलाबाईनं सकाळी पाथी वाटून दिल्या होत्या. पाथ म्हणजे ज्या त्या बाईच्या वाट्याच्या ओळी, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. दाट असो, विरळ असो, आपली पाथ सोडून दुसरीकडे जायचं नाही. या बाबतीत वच्छलाबाईपुढे कुणाची बिशाद नव्हती. तिच्या मते पाथ मोडणारी बाई आणि दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उघडणारी बाई एकच. मुळात थोडंच उरलेलं, म्हणून उन्हं डोक्यावर येताच काम आटोपलं आणि बाया ओट्या घेऊन काट्यापाशी आल्या. काटा कडूबानं धरला. सगळ्या ओट्या हलक्या होत्या. फुसक्या म्हणाव्या इतक्या. वावर संपलं होतं आणि काटा तेच सांगत होता, त्यात नवल काही नव्हतं. मग कोकिळेनं आपली ओटी टाकली आणि पारडं दाणकन खाली गेलं.

"पाथ सोडली ना व तू?" वच्छलाबाई म्हणाली.

कोकिळा ओशाळली नाही. "पाव्हने येनार हायेत, सैपाक कोन करीन? नाल्याकाठी दाट व्हता, तिकडं गेली मी."

सासू त्यावर बरंच काही बोलली, पण कडूबाला ते ऐकू आलं नाही. तो पारड्याकडे पाहत होता… वावर रितं आणि ओटी भरलेली. नाल्याकाठचा तो शेवटचा दाट पट्टा आता कोकिळेच्या ओटीत होता. उद्या ती पुन्हा आली तर तिची ओटी नुसती हलकी होणार नाही, अजिबात भरणार नाही. आणि एकाएकी काटा, बाया, ऊन सगळं सरकून त्याच्या पायांखाली फळी हलू लागली — तो एकदाच बोटीवर गेला होता, ओकून ओकून अर्धमेला होऊन कठड्याला धरून बसला होता, आणि बोट हाकणारा तांडेल आभाळाकडे पाहत होता. पाण्याकडे नाही, आभाळाकडे. पाखरं कुठं घिरट्या घालतात ते पाहायचं, कारण पाखरांखाली बारीक मासा आणि बारीक माशाखाली कुपा. दिसली पाखरं की सुकाणू तिकडे वळवायचं, नाही दिसली की आणखी पुढे, आणखी बाहेर… मधलं सगळं पाणी, रितं, मैलोन्मैल, तसंच ओलांडून जायचं. तांडेल म्हणालाही होता की आधी एवढं लांब यावं लागत नसे. आणि मी कठड्याला धरून काय करत होतो? ओकत होतो. बोट कुठं गेली हे कंपनी कळवत नाही, आणि मी विचारलंही नाही, कारण माझ्या डोक्यात माणूस कामाला लागला की पाथ धरून चालतो. माझ्या आईनं पाथ वाटून दिलेली असते. समुद्रात कुणी वाटून दिली होती? तिथं सगळेच नाल्याकाठी पळतात. बोटीमागचा आकडा शेवटच्या थव्यापर्यंत टिकेल, आणि मग एका सकाळी… किंवा नाहीही. किंवा समुद्र खरंच भरलेला असेल. या आकड्यावरून दोन्हीही म्हणता येत नव्हतं, आणि हेच तर महिनाभर सलत होतं.

त्याला आधी भीती वाटायला हवी होती. वाटली ती मस्ती. पोटातून वर येणारी, शाळेत असताना मास्तरांची चूक फळ्यावर सापडल्यावर वाटायची तसली. फक्त या वेळी फळ्यावरचं अक्षर त्याचंच होतं.

चिंतामण आला तो घामानं निथळत आणि हसत. वावरातल्या कडुलिंबाखाली पानं मांडली. कडूबाचे वडील उत्तमरावही येऊन बसले. कोकिळेनं गरम भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. चिंतामणनं भाजीची तारीफ केली, मग क्वार्टरची गोष्ट काढली, तीही कोकिळेला ऐकू जाईल अशी — खोली वरच्या मजल्यावरची आहे, नळ आतच आहे, साहेबांनी तोंडी कबूल केलंय. कोकिळेचा हात भाकरीच्या टोपलीत थबकला. हा चिंतामण काही वाईट माणूस नव्हता. त्यानं शब्द टाकून मित्राला नोकरी लावली होती आणि आता तो शब्द त्याच्याही गळ्याशी आला होता. जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतून अहवाल काढला, फाउंटनपेनचं टोपण काढून पेन पुढे केलं.

कडूबानं त्याला पाथ सांगितली, नाल्याकाठ सांगितला, पाखरं सांगितली. चिंतामण शांतपणे ऐकत होता.

"आकडा तुझाच आहे ना बे?"

"हाव. माझाच आहे. म्हणून तर मी तो मोडतो."

"मग दुसरा दे. मासा संपत आला, असं दाखवणारा आकडा आहे तुझ्याजवळ?"

"नाही."

"म्हणजे तुझं म्हणणं, मासा संपतोय?"

"तसं नाही म्हणत मी. मले माहीत नाही. तुले माहीत नाही, साहेबालेही नाही. बोटी कुठं जातात ते आधी कळू दे. तोवर माहीत नाही एवढंच लिही, मी आत्ता सही करतो."

चिंतामणनं उन्हाकडे पाहिलं. माहीत नाही हे सांगायला कोण पगार देतं, असं तो हळूच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. उत्तमराव इतका वेळ सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली. "करून टाक ना बापा सही. समुद्र काई आपलं वावर हाय?"

नव्हतं. समुद्र कुणाचंच वावर नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या नावावर हवं ते लिहायला सगळे मोकळे होते. नाही लिहिणार मी. दृष्टसुद्धा लागू नये असलं नाव घेऊन जो जगला, त्याला तुमचा साहेब काय लावणार आहे? कडूबानं पेन घेतलं. चिंतामणचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला असतानाच कडूबानं आपल्या आकड्यावरून एक आडवी रेघ ओढली आणि त्या रेघेपाशी पूर्ण नाव लिहिलं — बापाच्या नावासकट, गावाच्या नावासकट. बोटाची जखम पुन्हा उलली होती. कागदाला डाग लागला, तो त्यानं पुसला नाही.

संध्याकाळच्या मोटारीनं चिंतामण गेला. शाळेतल्यासारखी पाठीवर थाप मारायला त्याचा हात उठला आणि अर्ध्यावरून परत गेला. याचं कडूबाला वाईट वाटलं, वाटायचं तेवढं सगळं वाटलं. पण ते वाईट वाटणं रेघेपर्यंत पोचत नव्हतं.

घराकडे परतताना कोकिळा चार पावलं पुढे होती. बल्लाळदेवीच्या टेकडीमागे उजेड उतरत होता. मध्येच ती थांबली, पण वळली नाही.

"संपले का ते मासे?"

"माहीत नाही."

"जे माहीतच नाही, त्याच्यापाई मले इथं ठेवून राह्यले तुम्ही?"

हाव म्हणायला हवं होतं, कारण ते खरं होतं. माफ कर म्हणायला हवं होतं, आणि तेही खरं होतं. पण माफ कर म्हटलं असतं तर त्या रेघेला चूक म्हटल्यासारखं झालं असतं, आणि ती चूक नव्हती… चिंतामणपुढे, बापापुढे, अगदी साहेबापुढेसुद्धा ताठ राहणं सोपं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. त्यांच्यापाशी आकडे होते, शब्द होते. या पाठमोऱ्या बाईपाशी काहीच नव्हतं, फक्त एक वरच्या मजल्यावरची खोली होती, आणि ती त्यानं आज तिला न विचारता खोडली होती. पश्चिमेची खिडकीही त्यानंच काढली होती, कशाचाही आधार नसताना.

"खिडकीचं मी खोटं बोललो," तो म्हणाला. "ती खोली मी पाहिलेलीच नाही."

कोकिळेनं पदर डोक्यावर ओढला. मग चालू लागली, पहिल्यापेक्षा सावकाश की भरभर, हे अंधुक उजेडात त्याला ठरवता येईना. तिला गाठावं, असं त्याला फार वाटलं. पण गाठून सांगण्याजोगं त्याच्यापाशी तेच एक होतं, माहीत नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते घेऊन चालताना त्याची मान खाली जात नव्हती, फक्त छातीत भयंकर दुखत होतं.