तळात साठलेल्या गोळ्या

नाक मुरडू नका, मित्रांनो. पोचे पडले असले, तरी मी भंडाऱ्याच्या तांबटाने ठोकून घडवलेला पितळेचा पानाचा डबा आहे. वर सात वाट्यांचं तबक, आणि ते उचललं की खाली पानं ठेवायला खोल तळ. हा तळ लक्षात ठेवा. माझं सगळं दुःख तिथेच आहे.

सुखदेव मला घेऊन दिल्लीला सरकारी नोकरीवर आला. जेवणाच्या सुट्टीत मी उघडलो की अख्खी कचेरी भोवती जमायची, माझी वाहवा व्हायची. सुखदेव अंगाने काटकुळा, पण कामाला वाघ. त्रेचाळिसाव्या वर्षी तो खुर्चीतच गेला. कामाचा ताण, असं लोक म्हणाले. मी माळ्यावर गेलो आणि काळा पडलो.

वीस-बावीस वर्षांनी त्याच्या सुनेने, नीलमने, गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये मला चिंचेने घासलं. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे सुखदेवचा मुलगा संघपाल याच्या रक्तात कोलेस्टेरॉल भलतंच निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, हे वडिलांकडून आलंय. पथ्य, चालणं आणि गोळी, तिन्ही जन्मभर. दर रविवारी नीलम गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून वेष्टनासकट एकेक गोळी एकेका वाराच्या वाटीत ठेवायची. पुन्हा कामाला आलो म्हणून मी किती मिरवलो!

दीड वर्षाने रिपोर्ट चांगला आला.

"तूप सोडलं, रोज पाच किलोमीटर चालतो. सगळं बिल्कुल नॉर्मल आहे. आता गोळी कशाला, यार?" संघपाल म्हणाला.

"गोळी घेताय म्हणून नॉर्मल आहे. फोटोत बघा, बाबा कुठे जाडे होते? तरी गेलेच ना?"

"अच्छा, घेतो बाई."

दुसऱ्या सकाळी त्याने वाटीतली गोळी उचलली, तबक वर केलं आणि ती तळात टाकली. औषध फेकून देणं त्याच्या जिवावर येत होतं. मग रोज एक. नीलमला वाटी रिकामी दिसे, ती निश्चिंत होई. माझं पोट भरत होतं आणि मला तोंड नव्हतं. मी घरच्या माणसाशी बेइमानी केली, असंच मला वाटतं.

थंडीतल्या एका सकाळी तो सोसायटीच्या बागेत, तिसऱ्या फेरीला कोसळला, तो उठलाच नाही. तोही त्रेचाळीसचाच होता.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे पांगल्यावर नीलमने मला आवरायला घेतलं. तबक उचललं. सात महिन्यांच्या गोळ्या! मला मांडीवर घेऊन तिने त्या एकेक करून मोजल्या.

मग त्यांच्या दहा वर्षांच्या लेकीचं, कृतिकाचं रक्त तपासलं. तेच निघालं.

आता रोज कृतिका गोळी गिळते, पाणी पिते आणि स्वतःच तबक उचलते. "मम्मी, बघ." नीलम वाकून माझा तळ बघते. तो रिकामा असतो, तरी ती बोट फिरवून पाहते.

मित्रांनो, चांगला रिपोर्ट म्हणजे औषधाला सुट्टी नव्हे. घरात कुणी गोळी चुकवताना दिसलं, तर खुशाल चहाडी करा. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.